घरी राहिलेलं चाक

आमच्या मोटारीला घरात कुणी कधी चांगलं म्हटलं नाही. आज मी म्हणणार आहे. त्यासाठी मला स्वतःबद्दल जे सांगावं लागेल, ते मी इतकी वर्षं टाळत आलो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा ती घरी आली. मी सतरा वर्षांचा होतो. आम्ही अल्लीपूरला राहायचो आणि बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की ते दुसऱ्या कामाला लागत, आणि खरं काम तेच, असं आमच्या घरात मानलं जाई. पत्रकं लिहायची, वर्ध्याहून छापून आणायची, सायकलला गठ्ठा बांधून गावोगाव वाटायची. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात आणणाऱ्यांविरुद्ध, विहिरीवर माणसाला माणूस न मानणाऱ्यांविरुद्ध. मी वाचायला शिकलो तो पाठ्यपुस्तकावरून नाही, पत्रकांवरून. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. आई त्यांनीच डबे झाकायची, फळ्यांवर तीच अंथरायची. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा बाबांनी त्यातली तीन विशेषणं खोडली आणि म्हणाले, "राग ठेव, पण खोटं एक अक्षर नको लिहू. एक खोटं निघालं की गठ्ठाचा गठ्ठा चुलीत जाते."

मग एका पावसाळ्यात चिखलात सायकल घसरून बाबांचा पाय मोडला. हाड जुळलं, गुडघा मात्र पुन्हा पुरता वाकला नाही. सायकल संपली. घरासाठी जागा घ्यायची म्हणून आईनं वर्षानुवर्षं जे बाजूला टाकलं होतं, त्यातून हिंगणघाटच्या एका ठेकेदाराची जुनी मोटार आली. आमच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. रंग राखेसारखा, मागचं एक दार सुतळीनं बांधलेलं.

मला ती आवडली नाही. मोटार म्हणजे सावकाराची, ठेकेदाराची वस्तू. आपण तिच्यातून उतरून मजुरांच्या हातात पत्रक द्यायचं? मी तसं बोललोही. आई मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि तिनं एकच विचारलं.

"तळेगावले जाईन का हे?"

"तळेगाव काय, नागपूरले जाईन," बाबा म्हणाले.

तळेगाव श्यामजी पंत हे आईचं माहेर. वर्धा जिल्ह्याच्या आम्ही या टोकाला आणि ते त्या टोकाला. मधे वर्धा आणि आर्वी. लग्नानंतर ती तिथं एकदाही गेली नव्हती. तिच्या लग्नात बाबांनी मांडवातच एक पत्रक वाटलं होतं: लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध. आजोबांनी वर्षभरापूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नात सगळं गाव जेवू घातलं होतं. चारशे माणसांनी ते पत्रक हातात घेतलं आणि आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मुलीला वाटेला लावलं आणि सांगितलं, "त्या कागदवाल्याच्या घरून मी बलावल्याबिगर येजो नको." आई तशीच होती. बोलावल्याशिवाय जायचं नाही, म्हणजे नाही. एकोणीस वर्षं ती बोलावण्याची वाट पाहत होती.

मोटारीनं आमचे हाल केले. सकाळी सेल्फ मारला की नुसती खरखर व्हायची. मग हँडल, मग धक्का. शाळेत जाणारी पोरं दप्तरं टपावर टाकून ढकलायची. पारावरचे म्हातारे विचारायचे, "मास्तर, आज गाडी तुमाले नेते का तुमी गाडीले?" उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा, डावीकडे वळवली की हवा तेव्हाही वाजायचा नाही. टाकीला भेग होती. तिला साबण चोळून पेट्रोल थांबवायचं. आमच्या घरी अंगाला साबण नसला तरी मोटारीला असायचा. सेलूच्या रस्त्यावर, देवळीच्या रस्त्यावर, कुठंही ती वाफ सोडून उभी राहायची, आणि मी डबा घेऊन विहीर शोधत फिरायचो. महिन्याचा किराणा आणायला वर्ध्याला जायचं आणि किराण्याचे पैसे मिस्त्रीला देऊन परत यायचं, असं किती वेळा झालं.

वर्ध्याचा तो मिस्त्री बाबांना मानायचा. "मास्तर," तो म्हणायचा, "हे गाडी पेट्रोलवर नाई, तुमच्या हट्टावर चालून राह्यली." एकदा इंजिनाचं पॅकिंग फाटलं तेव्हा त्यानं आमच्याच पत्रकाचं जाड वेष्टन कापून नवं पॅकिंग केलं. बाबांना ते फार आवडलं. आईनं तेव्हाही मिस्त्रीला विचारलं होतं, "तळेगावपर्यंत जाईन ना, भाऊ?"

"जाईन ना, काकू. येईन का ते नाई सांगत."

ती हसली. मागच्या सीटवर डावीकडे, जिथं स्प्रिंग वर आली होती, तिथं गोधडीची घडी ठेवून ती बसायची. ती जागा तिची.

त्या मोटारीत आम्ही एक गोष्ट करायचो, जी दुसऱ्या कुणी मोटारवाल्यानं केली नसती. पत्रकांचे गठ्ठे डिक्कीत मावले नाहीत की स्टेपनी काढून ठेवायची. स्टेपनीला अर्धी डिक्की लागायची. ते चाक मागच्या पडवीत ज्वारीच्या कोठीला टेकून उभं असायचं. हिंगणघाट, वायगाव, पाच-दहा मैलांचा फेरा असला की चालून जायचं. पण बाबांचा नियम होता: वर्ध्याच्या पुढं जायचं तर स्टेपनी हवीच, पत्रकं कमी न्यायची. हा नियम मला पटायचा नाही. चाकासाठी विचार मागे ठेवायचा, असं मी म्हणायचो. वीस वर्षांचा झालो होतो आणि मला अशी वाक्यं सुचायची.

त्या श्रावणात मामाचं पोस्टकार्ड आलं. आईनं ते उभ्यानं वाचलं, मग चुलीपुढं बसून वाचलं, मग माझ्या हातात दिलं. आजोबांच्या पायांवर सूज होती, दम लागत होता. आर्वीच्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. आजोबा एसटीत बसायला तयार नव्हते, बैलबंडीत बसायला तयार नव्हते. खाली लिहिलं होतं: "बाबा म्हणतात, माह्या पोरीनं मोटार घेतली म्हणते, तिच्या मोटारीतच जाईन. तिले म्हणा मी बलावलं."

आईनं ते शेवटचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

पोळ्याची शाळेला सुट्टी होती. पोळ्याच्या सकाळी निघायचं, आजोबांना घेऊन संध्याकाळपर्यंत वर्ध्याच्या दवाखान्यात पोचायचं, असं ठरलं. मोटार आदल्या आठवड्यात मिस्त्रीकडून आली होती. आईनं आजोबांना आडवं होता यावं म्हणून गादी बांधली, उशी घेतली, तांदळाच्या पेजेचं सामान घेतलं. बावीस वर्षांत बापासाठी काही बांधून न्यायची ही तिची पहिलीच वेळ.

आणि मी पत्रकं घेतली. शेतात राबणाऱ्या बायांना पुरुषांइतकी मजुरी मिळाली पाहिजे, हे माझं पत्रक नुकतंच छापून आलं होतं. पोळ्याला सगळं गाव बैलं घेऊन तोरणाखाली जमतं. मालक, सालदार, सगळे एका जागी. आंजीला एक गठ्ठा, आर्वीला एक, तळेगावला एक. मागची सीट आजोबांना लागणार होती, म्हणून गठ्ठे डिक्कीतच जायला हवे होते. बाबा म्हणाले होते, "मूठभर घेजो." मी तीन गठ्ठे घेतले. गादी आणि गठ्ठे एकत्र मावेनात. बाबा दाढी करत होते. मी स्टेपनी काढली, पडवीत नेऊन कोठीला टेकवली आणि डिक्की लावली.

मोटार त्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू झाली. शेजारची काकू दारात बैलांना ओवाळायला ताट मांडत होती. ती हात थांबवून म्हणाली, "अवं माय, सुरू झाली!" आई म्हणाली, "तिले बी कळते आज कोठी जाचं ते." मग ती मागचं दार लावायला घरात गेली आणि किल्ली कमरेला खोचत येऊन आपल्या जागी बसली.

इतकी ती मोटार कधीच चालली नाही. वर्धा गेलं, आंजी गेली, खरांगणा गेलं. वाफ नाही, धूर नाही. बाबा गाणं म्हणायला लागले. आंजीला मी उतरून गठ्ठा दिला, आर्वीला दिला. दोन्ही ठिकाणी आई काचेतून म्हणाली, "लवकर ये बापा." आर्वी सोडली तेव्हा अकरा वाजायचे होते. अर्ध्या तासाचा रस्ता उरला होता. आई केस सारखे करत होती. "वळखतील का मले?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "आवाजानं वळखतील."

काही मैल गेलो आणि मागचं चाक फुटलं. दगड धारदार होता. ट्यूब फाटून टायरच्या बाहेर आली.

बाबा पाय धरून हळूहळू उतरले. "हेच व्हाचं होतं," ते म्हणाले, पण चिडले नव्हते. "काढ स्टेपनी. पंधरा मिनिटाचं काम आहे."

मी डिक्की उघडली. आत गादी होती आणि एक गठ्ठा. तिथं उभं राहून मला एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर बाबांनी शिव्या दिल्या असत्या, आईनं माझ्याकडे पाहिलं असतं, आणि पुढं जे व्हायचं ते झालंच असतं. मी डिक्कीमागून ओरडलो, "बाबा, स्टेपनीत हवा नाई. बसली आहे पूर्ण."

त्या मोटारीबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी बाबांना खरं वाटायचं. त्यांनी टपावर हात आपटला. "मेली हे गाडी! मेली!" ते मागं यायला निघाले. तेवढ्यात आई उतरून आली. तिनं डिक्कीत पाहिलं. गादी तिथंच ठेवली, गठ्ठा बाहेर काढला आणि डिक्की स्वतः लावली. "मी बसतो इथं कडेले," ती म्हणाली. "तुमी ट्रक थांबवा." गठ्ठा रस्त्याच्या कडेला ठेवून ती त्यावर बसली.

थोड्या वेळानं तळेगावकडे जाणारी एसटी आली. आई उभी राहिली. मग तिनंच हात खाली घेतला. "आपण बिनामोटारीचे गेलो तर ते कशात बसतीन? त्यायनं मोटारीनं बलावलं." एसटी गेली. पलीकडे शेतात एक माणूस होता, त्याच्याकडे बंडी होती. बाबांनी त्याला निदान आईला तरी सोडून दे म्हणून विनवलं. तो माणूस हात जोडून म्हणाला, "भाऊ, आज पोळा. आज त्यायच्या खांद्यावर जू नाई ठेवत आमी. उद्या म्हणसान तर नागपूरले सोडून देतो." त्याचं चूक नव्हतं. वर्षातला तो एक दिवस बैलांचा होता.

मी चाक काढलं आणि एका ट्रकमधून आर्वीला गेलो. पंक्चरची दुकानं बंद होती. विचारत विचारत एका दुकानदाराच्या घरी पोचलो. तो अंगणात बैलाची शिंगं रंगवत बसला होता.

"मोठी अडचण आहे, भाऊ. माणूस आजारी आहे."

"येतो ना बापा. पण हे एक शिंग होऊ दे. अर्धं रंगवून बैल तोरणाखाली कसा नेऊ? लोक हासतीन त्याले."

त्यानं शिंग रंगवलं, बेगड लावली, बैलाच्या पाया पडला, मग दुकान उघडलं. ट्यूब जोडण्यासारखी नव्हती. नवी त्याच्याकडे नव्हती, दुसऱ्याच्या घरून आणावी लागली. परत जायला वाहन मिळेना. गावागावातून सगळी माणसं बैलं सजवण्यात होती. शेवटी एका सायकलवाल्याच्या कॅरिअरला चाक बांधून, एका हातानं धरून पळत चालत मी मोटारीपाशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई तिथंच, त्याच गठ्ठ्यावर बसलेली होती. माझा घाम पाहून तिनं पदर पुढं केला. 

मोटार पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू झाली.

तळेगावच्या वेशीपाशी तोरण तुटून बैलं घरोघर परत निघाली होती. रस्ता बैलांनी भरला होता, आम्ही त्यांच्यामागून हळूहळू जात होतो. मामाच्या दारापुढं मात्र बैल नव्हते, माणसं होती. आईनं मोटार चालती असतानाच सुतळी तोडून दार उघडलं.

आजोबा ओट्यावरच होते. पहाटेच आंघोळ करून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती, पायात वहाणा घातल्या होत्या आणि मोटार दारात येईल म्हणून ओट्यावर येऊन बसले होते. दुपारी दम वाढला तरी आत जायला तयार झाले नाहीत. तोरणाकडं ढोल वाजायला लागला, तेव्हा भिंतीला टेकल्या टेकल्याच गेले. वहाणा अजून पायात होत्या.

मामा आईला धरून म्हणाला, "तीनदा उठले वं बाई. ट्रक गेला का म्हणत, आली. एसटी आली का म्हणत, आली. मी म्हणो, बाबा, तो ट्रक होय. तर म्हणत, तुले काय समजते, तिची मोटार आहे."

आईनं त्यांच्या वहाणा काढल्या. दोन्ही हातांनी, एक एक करून. ती रडली नाही. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आजोबांना नेलं तेव्हा गल्लीत पोरं पळसाच्या फांद्या घेऊन, पोळ्यानंतर गावाबाहेर रोगराई हाकलतात तसं, ओरडत होती, "इडा घेऊन जा गे मारबत! पिडा घेऊन जा गे मारबत!" कुणीतरी त्यांना गप्प करायला गेलं. आई म्हणाली, "ओरडू द्या. सणाचं आहे."

तळेगावला आणि आमच्या गावात सगळे एकच बोलले: मोटारीनं दगा दिला. बाबाही तेच बोलायचे. मी ऐकायचो. जिनं त्या दिवशी एकदाही दगा दिला नाही, तिला माझ्यादेखत सगळे शिव्या द्यायचे आणि मी मान हलवायचो. परतल्यावर मी आधी पडवीत गेलो होतो, चाक कुठंतरी लपवायला. कोठीपाशी चाक नव्हतं. कोपऱ्यात बारदानाच्या ढिगाखाली होतं. मोटारीतून माझ्याआधी घरात आई गेली होती. मी बारदान पुन्हा तसंच टाकलं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

बाबांनी मोटार पुन्हा चालवली नाही. दिवाळीनंतर वर्ध्याचा भंगारवाला तिला न्यायला आला. त्यानं डिक्की उघडली.

"स्टेपनी कोठी आहे, मास्तर?"

"असन ना आत. हवा गेलेली आहे."

"नाई ना आत."

बाबा डिक्कीपाशी आले, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं.  तेव्हा मागून आई चाक ढकलत घेऊन आली. एवढं जड चाक, पदर खोचून, दोन्ही हातांनी. ते अंगणात येऊन टप्पा खाऊन थांबलं. भंगारवाल्यानं त्यावर मूठ मारली. "हवा तर बराबर आहे याच्यात."

"मीनं काढलं होतं त्या दिवशी," आई म्हणाली. "गादी मावून नाई राह्यली होती. मले काय माहीत, लागते म्हणून."

बाबांनी चाकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुनंच मारलं तुह्या बापाले." आणि लंगडत आत गेले.

आईनं मान खाली घातली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. आमच्या मागं भिंतीला माझ्या पत्रकाचा उरलेला गठ्ठा टेकून ठेवला होता, बायांच्या मजुरीचा. भंगारवाल्यानं विचारलं, हेही द्यायचं का. आई म्हणाली, "नाई. ते त्याचं आहे." मग तिनं हातांचा काळा रंग काढायला राख घेतली आणि मोरीत बसून कितीतरी वेळ हात घासत राहिली.

बाबा गेले तोवर मी त्यांना सांगितलं नाही. बाबांनी शेवटपर्यंत तळेगावचं नाव आईपुढं काढलं नाही, आणि ती ते मुकाट सोसत राहिली. मी तेव्हापासून शेकडो पत्रकं लिहिली, सत्य बोला म्हणून लोकांना हाका मारल्या. परवा आईला विचारलं, "तुला त्या दिवशी ठाऊक होतं?"

ती गहू निवडत होती. "निघताना मागचं दार लावाले गेलती ना मी," ती म्हणाली. "पाह्यलं मीनं चाक. मले वाटलं, तुमाले माहीत असन. मोटारीचं बाईमाणसानं काय सांगाव." तिनं सुपातला खडा काढून फेकला. "सांगाले पायजे होतं मीनं."

अजूनही ती चूक आपलीच म्हणते.